चित्रभाषेतील विभक्ती आणि कारकार्थ : फाळक्यांच्या लघुपटांच्या तुलनेविषयी

१

चित्रपटाला 'भाषा' म्हणण्याची रीत आता इतकी रूढ झाली आहे की, त्या शब्दाने अभ्यासकावर कोणती जबाबदारी येते याचा विचार सहसा होत नाही. पदव्युत्तर वर्गांत 'एका दिग्दर्शकाच्या लघुपटांतील चित्रभाषेची तुलना करा' असा प्रश्न दिला जातो आणि त्याची उत्तरे बहुधा एकाच साच्याची येतात. दोन चित्रे घ्यावयाची, दोहोंत आढळणाऱ्या समान गोष्टींची यादी करावयाची, आणि त्या यादीला 'दिग्दर्शकाची शैली' हे नाव द्यावयाचे. खिडकी दोन्हीकडे आहे, पाऊस दोन्हीकडे आहे, मूल दोन्हीकडे एकटे आहे. ही यादी खोटी नसते. पण ती तुलना नव्हे. दोन बोलींत 'घर' हा शब्द सापडला एवढ्यावरून त्या बोलींच्या व्याकरणाविषयी काहीच सिद्ध होत नाही, हे भाषाशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. चित्रपटापुढे बसल्यावर मात्र त्याला याचा विसर पडतो, आणि त्याचा दोष त्याच्याकडे थोडा व अध्यापनाकडे अधिक जातो.

चित्रपटाला काटेकोर अर्थाने भाषा म्हणता येते काय, हा वाद जुना आहे. फ्रेंच अभ्यासक ख्रिस्तियाँ मेट्झ यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रश्नाचे उत्तर मोठ्या सावधपणे दिले. चित्रपटात अर्थव्यवहार आहे, पण बोलीभाषेसारखी आधीच सिद्ध असलेली, मर्यादित घटकांची व्यवस्था त्यात नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पडद्यावर दिसणारे पिस्तूल हे 'पिस्तूल' या शब्दाच्या बरोबरीचे नसून 'हे पहा पिस्तूल' अशा संपूर्ण वाक्याच्या बरोबरीचे असते. हे मान्य केले तर चित्रपटाचा शब्दकोश रचता येणार नाही, ही गोष्ट उघड होते. खालून घेतलेला शॉट म्हणजे सत्ता, वरून घेतलेला शॉट म्हणजे दैन्य, अशा ज्या जोड्या विद्यार्थी पाठ करतात त्या म्हणजे या अशक्य शब्दकोशाचीच पाने होत.

कोश नाही म्हणून व्यवस्थाच नाही, असे मात्र नव्हे. कोल्हापुरातील राजारामपुरीच्या गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. आठव्या गल्लीच्या अंगी 'आठपणा' असे काही नसते. तेथील घरे पडून नवी उभी राहिली, दुकानांचे मालक बदलले, तरी ती आठवीच राहते. कारण ती सातवी आणि नववी यांच्यामध्ये आहे. सोस्यूर यांनी भाषिक मूल्याविषयी जे सांगितले त्याचा याहून सोपा दाखला कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला मिळणार नाही. चिन्हाला मूल्य येते ते त्याच्या अंगच्या गुणाने नव्हे. शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदाने. एका दिग्दर्शकाचे अनेक लघुपट शेजारी ठेवण्याचे प्रयोजन असेल तर हेच आहे. साम्याने तुलनेला आरंभ होतो, पण तिचे फळ भेदात असते.

२

हा भेद शोधण्याचे एक साधन मराठी व्याकरणाने पूर्वीच तयार करून ठेवले आहे. 'रामाने चाकूने आंबा कापला' या वाक्यात 'ने' हा प्रत्यय दोनदा येतो. दोन्ही पदांची विभक्ती तृतीया; पण पहिल्या पदाचा कारकार्थ कर्ता, तर दुसऱ्याचा करण. उलट 'राम चालतो', 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'रामाला आता चालवते' या तीन वाक्यांत रामाचे रूप तीन प्रकारचे आहे, परंतु तिन्ही ठिकाणी क्रियेचा कर्ता रामच. विभक्ती रूपावरून ओळखावी आणि कारक क्रियेशी असलेल्या संबंधावरून ओळखावे, हा विवेक मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत हा विषय सतत येत राहिला आहे.

चित्रभाषेच्या अध्यापनात नेमका हाच विवेक हरवलेला दिसतो. कॅमेऱ्याची हालचाल, चौकटीची मर्यादा, चित्रणातील खंड, जोडणी ही चित्रपटाची रूपे, म्हणजे त्याच्या विभक्ती होत. ही रूपे त्या त्या चित्रात कोणते कार्य करतात हा त्यांचा कारकार्थ होय. रूपांची यादी करून थांबणारा विद्यार्थी वाक्यातील 'ने' मोजून थांबतो. त्याला रामही दिसत नाही आणि चाकूही.

या विवेकाचा पाठ देण्यास दादासाहेब फाळके यांचे लघुपट विशेष उपयोगी आहेत. फाळक्यांचे नाव घेताच 'आद्य' हे विशेषण उच्चारले जाते आणि तेथेच विचार थांबतो. ज्याला प्रथम म्हटले त्याला वाचण्याची गरज उरत नाही. त्याला वंदन केले की पुरे होते. कोल्हापुरात हा धोका दुहेरी आहे. येथे बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये स्वदेशी कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' प्रदर्शित झाला, १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापना याच गावात झाली, आणि खुद्द फाळक्यांनी आपला अखेरचा चित्रपट 'गंगावतरण' (१९३७) कोल्हापूर सिनेटोनसाठीच केला. या सनावळीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सनावळी ही तुलनेची पूर्वतयारी असते. ती तुलनेची जागा घेऊ शकत नाही.

३

फाळक्यांनी १९१२ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 'अंकुराची वाढ' हे छोटे चित्र केले. कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा समोर स्थिर ठेवला आणि थोड्या थोड्या अवकाशाने एकेक चौकट घेत रोपाची वाढ टिपली. पडद्यावर महिनाभराची वाढ क्षणांत घडली. चित्रपटाच्या व्यवसायात भांडवल घालावे की नाही या विचारात असलेल्या यशवंतराव नाडकर्णी यांचे मन वळविण्यास हे चित्र उपयोगी पडले, असे फाळक्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काड्या स्वतःहून हालचाल करतात आणि निरनिराळ्या आकृती घेतात. तंत्र तेच : एक चौकट घ्यावयाची, थांबावयाचे, पुन्हा एक चौकट घ्यावयाची.

रूपाच्या दृष्टीने ही दोन चित्रे एकाच विभक्तीची आहेत. स्थिर कॅमेरा, चित्रणातील खंड आणि पडद्यावर येणारी अखंड गती ही तिन्ही लक्षणे दोहोंत समान आहेत. यादी करणारा विद्यार्थी येथे संतुष्ट होईल आणि 'खंडित चित्रण हे फाळक्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य' असे लिहील. कारकार्थाचा प्रश्न विचारताच मात्र ही चित्रे एकमेकांसमोर उभी राहतात. रोपाची गती खरी आहे. ती केवळ डोळ्याला दिसत नाही. तेथे खंडाचे कार्य जे आहे ते प्रकट करणे हे होय. काडीला स्वतःची गती नाही. दोन चौकटींच्या मधल्या अवकाशात माणसाचा हात येतो, काडी सरकवतो आणि निघून जातो. तेथे खंडाचे कार्य तो हात लपविणे हे होय. एका चित्रात थांबलेला कॅमेरा साक्षीदार आहे, तर दुसऱ्यात तो जादूगाराचा साथीदार आहे. 'पाट' आणि 'पाठ' यांत एका महाप्राणाने अर्थ बदलतो, तसा येथे एका हाताच्या असण्या-नसण्याने संपूर्ण अर्थ बदलतो. ध्वनिविचारात ज्याला लघुतम भेदाची जोडी म्हणतात तिच्या इतकी निकट येणारी जोडी चित्रपटाच्या इतिहासात सहसा सापडत नाही.

आता यातील फाळक्यांचे स्वतःचे काय, हा प्रश्न उरतो. खंडित चित्रणाचे तंत्र त्यांचे नव्हे. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये फुले उमलण्याचे चित्र याच तंत्राने केले होते आणि फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्या नाचविल्या होत्या. तंत्र हे त्या काळच्या चित्रभाषेचे सामाईक धन होते. म्हणून कोणतेही एक रूप ही दिग्दर्शकाची स्वाक्षरी ठरू शकत नाही. व्यक्तीची बोली वेगळी भासते ती तिच्यापाशी निराळे वर्ण असतात म्हणून नव्हे. सर्वांपाशी असलेल्या वर्णांतून ती जी निवड आणि जे संबंध उभे करते त्यामुळे. फाळक्यांच्या बाबतीत तो संबंध कोणता, याचा शोध तिसऱ्या लघुपटाकडे नेतो.

तो लघुपट म्हणजे 'चित्रपट कसे तयार करतात' (१९१७). त्याचा जो अंश पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केला आहे त्यात फाळके स्वतः कामात गढलेले दिसतात. वाटाण्याच्या रोपाला ज्या हाताची गरज नव्हती आणि काड्यांच्या खेळात जो हात लपविला गेला होता, तो येथे पडद्यावर आला आहे. अनावश्यक हात, लपविलेला हात आणि दाखविलेला हात, अशी तीन पदांची ही व्यवस्था होते. फाळके जादूचे प्रयोग शिकले होते आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते करून दाखवीत. हात लपविणे हा जादूगाराचा धर्म आहे. तो धर्म पाळणाऱ्या माणसाने आपल्या विद्येचे रहस्य उघड करणारे चित्र काढावे, ही गोष्ट 'पौराणिक चमत्कारांचा निर्माता' या ठरीव वर्णनात बसत नाही.

याच संदर्भात 'कालिया मर्दन' (१९१९) या मोठ्या चित्रपटाचा आरंभही लघुपटासारखा स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. कथेपूर्वी फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिचा चेहरा येतो आणि त्यावर एकामागून एक निरनिराळे भाव उमटतात. तीच मुलगी पुढे कृष्ण होते. येथे कामाची जागा नाही, उपकरणे नाहीत. केवळ एक चेहरा आहे. 'चित्रपट कसे तयार करतात' याच्याशी या प्रारंभाचे रूप जुळत नाही, पण कारकार्थ जुळतो : प्रेक्षकाला आधी घडण दाखविणे. पहिल्या जोडीत रूप एक आणि कार्ये परस्परविरोधी. दुसऱ्या जोडीत रूपे भिन्न आणि कार्य एक. विद्यार्थ्याला या दोन जोड्या नीट उलगडून दाखविता आल्या तर तुलना म्हणजे काय हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही. शिवाय मंदाकिनीच्या प्रारंभात एक अधिकचा भेद आहे. घडण दाखवून झाल्यावर चमत्कार सुरू होतो आणि तो उणावत नाही. भ्रम आणि त्याची उकल फाळक्यांना परस्परांची शत्रू वाटत नव्हती, असे अनुमान यावरून करता येते.

४

येथवरच्या विवेचनाला एक उणीव आहे आणि ती दडविली तर हा पाठ अप्रामाणिक ठरेल. 'अंकुराची वाढ' आणि 'आगकाड्यांची मौज' ही चित्रे आज पाहावयास मिळत नाहीत. त्यांच्याविषयी जे सांगितले जाते ते लिखित वर्णनांच्या आधारे. 'चित्रपट कसे तयार करतात' आणि 'कालिया मर्दन' यांचे उपलब्ध भाग मात्र पाहता येतात. म्हणजे वरच्या दोन जोड्यांपैकी दुसरी पाहिलेली आहे आणि पहिली वाचलेली.

ऐतिहासिक भाषाशास्त्रात अशा प्रसंगासाठी एक शिस्त आहे. जे रूप कोणत्याही लेखात प्रत्यक्ष आढळत नाही, केवळ अनुमानाने सिद्ध केले आहे, त्याच्या आधी तारकाचिन्ह लावतात. तारकाचिन्हाने रूप खोटे ठरत नाही. ते कोणत्या प्रकारच्या पुराव्यावर उभे आहे एवढेच कळते. चित्रपटाच्या विद्यार्थ्यानेही न पाहिलेल्या चित्राविषयीच्या प्रत्येक विधानाला असे तारकाचिन्ह लावावे. आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशात चित्र थांबवून पाहण्याचे यंत्र असते, आणि म्हणूनच पाहिलेले व ऐकलेले यांतील सीमा पूर्वीपेक्षा अधिक लवकर पुसली जाते.

तारकाचिन्ह लावल्याने काय साधते, ते 'अंकुराची वाढ' याच्याच वर्णनावरून दिसेल. या चित्राविषयी वारंवार असे लिहिले जाते की, फाळक्यांनी महिनाभर रोज एक चौकट घेतली आणि त्यातून मिनिटभराहून थोडे अधिक लांबीचे चित्र तयार झाले. हे वाक्य एका लेखातून दुसऱ्यात जात राहिले आहे. मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी हा वेग धरला तर एका मिनिटाला ९६० चौकटी लागतात. रोज एक याप्रमाणे महिन्यात ३० चौकटी होतात आणि त्या पडद्यावर दोन सेकंदही टिकत नाहीत. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. मिनिटभराचे चित्र खरे असेल तर दिवसाला सरासरी ३२ चौकटी घेतल्या गेल्या असल्या पाहिजेत. त्या दिवसातून एकदाच सलग घेतल्या असतील, तर रोप दोन सेकंद स्तब्ध राहून पुढे उडी मारील आणि अशा तीसेक उड्यांनी वाढेल. त्या रात्रंदिवस सारख्या अंतराने, म्हणजे दर ४५ मिनिटांनी एक अशा घेतल्या असतील, तर वाढ सलग दिसेल. परंतु मग रात्रीच्या प्रकाशाची सोय करावी लागली असेल.

हा केवळ हिशेबाचा प्रश्न नव्हे. उड्या मारणारे रोप आणि सलग वाढणारे रोप ही चित्रभाषेतील दोन भिन्न वाक्ये आहेत. पहिल्यात प्रेक्षकाला खंड जाणवतो आणि आपण दिवसांमागून दिवस पाहत आहोत हे कळते. दुसऱ्यात खंड नाहीसा होतो आणि रोप जणू सजीव प्राण्यासारखे वर येते. पहिले रोप साक्षीदाराच्या बाजूचे, तर दुसरे जादूगाराच्या अधिक जवळचे. म्हणजे काड्यांच्या चित्राशी ज्या विरोधाच्या आधारे तुलना केली, त्या विरोधाची तीव्रताच या हिशेबावर अवलंबून आहे. ज्या विद्यार्थ्याने विधानाला तारकाचिन्ह लावले तो हा हिशेब करील. ज्याने 'आद्य' हे विशेषण लावले त्याला तो सुचणारच नाही.

कोल्हापूरच्या अभ्यासकाला ही शिस्त घरच्या चित्रांसाठीही हवी. बाबूराव पेंटर यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटाच्या संदर्भात जे. बी. एच. वाडिया यांची एक आठवण उद्धृत केली जाते : अंधुक प्रकाशातली उदास झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे. वास्तवदर्शी चित्रभाषेचा पुरावा म्हणून ही आठवण पुनःपुन्हा सांगितली जाते. परंतु चित्र मूक होते. विव्हळणे ऐकू येणे शक्य नव्हते. दिसू शकत होती ती फार तर कुत्र्याची मान वर झालेली आकृती. तो आवाज स्मृतीने भरला, की चित्रगृहात वाद्य वाजविणाऱ्याने दिला, की त्याच कथेवर १९३६ मध्ये निघालेल्या बोलपटाने तो मागे नेऊन ठेवला, हे प्रश्न खुले आहेत. वाडियांची आठवण यामुळे निरुपयोगी ठरत नाही. मूक चित्राने प्रेक्षकाच्या मनात आवाज उत्पन्न केला असेल, तर त्या शॉटच्या सामर्थ्याची याहून मोठी साक्ष नाही. मात्र ती साक्ष प्रेक्षकावरील परिणामाची आहे, पडद्यावरील रूपाची नव्हे. कारकार्थ कळला, विभक्ती अज्ञात राहिली. आणि असे स्पष्ट म्हणता येणे हीच अभ्यासाची प्रगती होय.

५

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, चालू काळातील लघुपट विपुल असताना अर्धे नष्ट झालेले साहित्य वर्गात कशाला आणावे ? याचे उत्तर असे की, विपुल साहित्यापुढे विद्यार्थी निवड करावयास शिकत नाही. तो साठवावयास शिकतो. दुर्मिळ साहित्यात एकेका रूपाला थांबून प्रश्न विचारावा लागतो. ती सवय लागल्यावर त्याने खुशाल आजच्या दिग्दर्शकाचे पाच लघुपट घ्यावेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा विश्लेषणाने चित्राचा आस्वाद कोरडा होतो, असे रसिक म्हणतील. परंतु व्याकरण शिकल्याने अभंगाची गोडी कमी झाल्याचे कोणी अनुभवाने सांगत नाही; कमी होते ती चुकीचा अर्थ लावून डोलण्याची सोय. फाळक्यांनी तर स्वतःच घडण उघड करून दाखविली आणि तरीही प्रेक्षकांनी कृष्णाला हात जोडले. आस्वाद इतका नाजूक असता तर पहिला घाव त्यांनीच घातला असता.

अध्यापनाच्या दृष्टीने या सर्वांचा निष्कर्ष मोजका आहे. विद्यार्थ्याने प्रथम विशेषणे न वापरता चित्राचे वर्णन लिहावे : चौकटीत काय आहे, काय हलते, कॅमेरा हलतो की नाही, खंड कोठे आहे. नंतर त्याच दिग्दर्शकाच्या दुसऱ्या चित्रात तेच रूप शोधून त्याचे कार्य पडताळावे. कार्य एकच निघाले तर रूप बदलून पाहावे. न पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीला तारकाचिन्ह लावावे. आणि अखेरीस आपला निष्कर्ष कोणत्या पुराव्याने खोटा ठरेल हे स्वतःच लिहून ठेवावे. फाळक्यांविषयीचा येथील निष्कर्ष, म्हणजे हाताच्या तीन अवस्थांची व्यवस्था, याच अटीला बांधलेला आहे. उद्या 'आगकाड्यांची मौज' याची एखादी प्रत मिळाली आणि तिच्यात काड्या सरकविणारा हात उघडपणे दिसला, तर ही व्यवस्था मोडेल. तशी ती मोडली तर अभ्यासकाला खेद होण्याचे कारण नाही. एका तारकाचिन्हाची आवश्यकता तेवढी संपेल.